डावा गुडघा

ब्रनोत चार नंबरची ट्राम वळताना जिथे किंचाळते
तिथल्या तळघरात क्व्येताचं जुन्या गेम्सचं दुकान.
गुरुवारी शटर अर्धं खाली, बिअर ज्याची त्याने आणायची,
आणि वादाला विषय एकच:
तेरा वर्षांपूर्वी आलेला, आल्या आल्या आपटलेला
‘सातवा पासपोर्ट’.

“हेराचा गेम म्हणे!” व्हीतेक सुरू होतो.
“पहारेकऱ्याच्या छातीला नळी टेकवून गोळी झाडली,
गेली कुठे? देवाला ठाऊक.
आणि तो पहारेकरी! समोर उभा असलो तर दिसत नाही त्याला,
भिंतीआड लपलो की लगेच दिसतो.”

लुदमिला औषधांच्या दुकानात असते, मोजून बोलते.
लिस्बनच्या छतावर तिचा गेम तीनदा गोठला.
शेवटी रजा टाकून ती खऱ्या लिस्बनला जाऊन आली.
“छत चांगलं आहे,” म्हणाली, “चढता येतं.”

सगळे हसतात.
मीही हसते.

मग तीच, ग्लास फिरवत:
“पहिल्या तासाला मी एका कारकुनाला सोडून दिलं होतं.
दया वगैरे नाही, घाईत होते. नावही विचारलं नव्हतं.
नवव्या तासाला, त्रिएस्तेच्या धक्क्यावर,
आपले म्हणवणारे एकेक उलटत गेले
तेव्हा तो आला. भिजलेला, चष्म्याची एक काच फुटलेली.
म्हणाला, तुम्ही मला दार दाखवलं होतंत.
त्यानंतर कितीतरी गुळगुळीत गेम खेळले मी.
एकालाही माझी आठवण नाही.”

“या येड्याला सेव्ह केलेलं लक्षात राहत नाही,”
क्व्येता खोकी लावता लावता,
“बोललेलं खोटं मात्र शेवटपर्यंत राहतं.
माझ्या पहिल्या नवऱ्याच्या अगदी उलट.”

ओताकर ट्राम चालवतो. बोलायच्या आधी
थांबा आल्यासारखा थोडा थांबतो.
“तो लंगडतो.”
कोण?
“आपला हेर. वाकून चालताना.
डावा पाय जरासा उशिरा टेकतो.
कथेत जखम नाही. फाइलींत नाही, पत्रांत नाही.
तेवढ्यासाठी तीनदा संपवला मी गेम.
एवढं सगळं लक्षात ठेवणारा,
हे उगाच ठेवेल?”

“बग आहे, दुसरं काय!”

“छे. बग दुखत नाही.
याचं दुखतं.”

ओलोमोउत्सजवळचं गोदाम. हीटर बंद.
पैसे संपलेले, नट पुढच्या कामाला निघून गेलेला,
उरलेल्या नव्वद हालचाली माझ्या अंगावर:
काळा घट्ट पोशाख, सांध्यासांध्यावर पांढरे गोळे,
गुडघ्याचे टाके काढून सहा आठवडे.
पहाटे तीनला कोणीतरी म्हणालं,
असू दे, नंतर दुरुस्त करू.
नंतर कंपनीच उरली नाही.
शेवटच्या नावांच्या यादीत मी आहे,
आडनावातलं एक अक्षर गाळून.

त्या गेममध्ये उत्तराला पाच सेकंद मिळतात.
गोड बोला, दम द्या, किंवा खरं सांगा.
काहीच निवडलं नाही
तर तुमचं गप्प राहणंही तो लिहून ठेवतो.

पाच.
ओताकर ग्लासातल्या फेसाकडे बघतोय.
चार.
किती वर्षं तो त्या पायामागे हिंडला,
आणि मिळणार काय, तर एक गोदाम, एक बंद हीटर.
तीन.
व्हीतेक पुन्हा भिंतीवर घसरलाय.

“कोणाला आणखी हवी?” म्हणत मी उठते.
फ्रिज दुकानाच्या त्या टोकाला,
मधे खोक्यांची चिंचोळी वाट.
खालच्या कप्प्यातल्या बाटल्यांसाठी
वाकून तीन पावलं जावं लागतं.
बाहेर थंडी आहे. थंडीत तो जास्तच उशिरा टेकतो.

पाठीमागे बोलणं चालू.
मग त्यातला एक आवाज
कमी होतो.